पाहिल्याची तारीख

इस्क्राबाईंच्या सातवीच्या वर्गात त्या वर्षी अकरा मुलं होती. बाई नोकरीला लागल्या तेव्हा सातवीच्या तीन तुकड्या होत्या आणि ग्रंथालयात बसायला खुर्च्या पुरत नसत. आता खुर्च्याच खुर्च्या. बल्गेरियातलं डॅन्यूबकाठचं ते गाव बसल्या जागी ओसरत चाललं होतं. आधी कारखान्यातली तरुण माणसं गेली, मग त्यांनी बायकापोरांना बोलावून घेतलं, आणि मागे राहिलेले म्हातारे एकेक करून टेकडीवरच्या दफनभूमीत गेले. गावात उरले ते ज्यांना जाता आलं नाही ते, जे जाऊन हात हलवत परत आले ते, आणि जे कुणाची तरी वाट पाहत होते ते.

बाई कुणाची वाट पाहत होत्या हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुलाची. बोयान स्पेनला गेला त्याला तेरा वर्षं झाली होती. सुरुवातीला दर रविवारी त्याचा फोन यायचा. मग नऊ वर्षांपूर्वी त्याचा बाप, कामेन, गेला. द्राक्षांच्या तोडणीचे दिवस होते, मालक सोडत नाही म्हणाला, आणि बोयान काही आला नाही. बाई तेव्हा दुःखानं वेड्यापिशा झाल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "बापाला माती द्यायला आला नाहीस ना? मग मलाही आई म्हणू नकोस." असं आया बोलतातच. रागाच्या भरात बोलतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. पण बोयान बापासारखाच शब्दाचा पक्का निघाला. त्याने फोन करणं बंद केलं. दोन महिन्यांनी बाईंनी स्वतःहून फोन केला, तेव्हा तो नंबर बंद होता.

तेव्हापासून बाई त्याला शोधत होत्या. शोधणं हा त्यांचा धंदाच. चौतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी पुस्तकांची कार्डं लिहिली होती, खणांत लावली होती, कुठलं पुस्तक कुठे सापडेल हे डोळे मिटून सांगितलं होतं. दर रविवारी सकाळी, ज्या वेळेला पूर्वी फोन यायचा त्या वेळेला, त्या संगणकापुढे बसायच्या आणि राडुलोव, बोयान, असं नाव टाकून स्पेनचा कानाकोपरा धुंडाळायच्या. वकिलातीलाही लिहून झालं. उत्तर आलं की या आडनावाच्या माणसाबद्दल आमच्याकडे काही नाही. ही सगळी उत्तरं एका फाईलमध्ये तारीखवार लावलेली होती. रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाची इतकी नीटनेटकी फाईल सबंध जिल्ह्यात दुसरी नसेल.

शाळेत बुधवारचा पाचवा तास 'माहितीचा तास' म्हणून असायचा. हा विषय वरून आला होता आणि कुणालाच नको होता, म्हणून ग्रंथालयाच्या गळ्यात पडला. मुख्याध्यापक म्हणायचे, "अहो बाई, सगळं फोनमध्ये आहे, त्यात शिकवायचं काय?" बाई म्हणायच्या, "सगळं आहे म्हणूनच."

मुलं तरी काय, मुलांसारखीच. पहिल्याच गृहपाठाला राडोस्लाव नावाच्या पठ्ठ्याने चार पानं छापून आणली. सुरुवातीलाच लिहिलेलं होतं : तुमच्या विनंतीनुसार सातवीच्या विद्यार्थ्याला शोभेल असा निबंध खाली दिला आहे.

"कुणाच्या विनंतीनुसार रे?" बाईंनी विचारलं.

"तुमच्याच, बाई. तुम्हीच तर सांगितला होता लिहायला."

वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यांनी पानं बाजूला ठेवली, अकराही पोरांना कोट घालायला लावले आणि बेकरीच्या भिंतीपाशी नेलं.

त्या भिंतीवर गावातली शोकपत्रकं चिकटवलेली असतात. वर फोटो, खाली नाव, मग किती दिवस झाले ते. चाळीस दिवस, सहा महिने, वर्ष, पाच वर्षं. दर वेळी नवा कागद. घराच्या फाटकावर एक, झाडांवर दोनचार, आणि बेकरीपाशी एक, कारण पावाला सगळेच येतात. मुलं या कागदांकडे ढुंकूनही बघत नाहीत, जन्मापासून बघितलेलं असतं.

"हा एक आधार," बाई एका टकल्या माणसाच्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "काय लिहिलंय?"

"प्रेमळ पती, कष्टाळू पिता," राडोस्लावने वाचलं.

"कुणी लिहिलंय?"

"बायकोने."

"दारू प्यायचा हे लिहील का ती?"

"छे. पण प्यायचा, बाई. माझ्या आजोबांबरोबरच प्यायचा."

"मग आजोबा हा दुसरा आधार. आता इकडे बघा." पलीकडे त्याच टकल्याचा दुसरा कागद होता, फोटो वेगळा, टोपी घातलेला. खाली लिहिलं होतं : तुला कधीच न विसरणारी, मारिन्का. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. बायकोचं नाव मारिन्का नव्हतं.

"एकाच कागदावर भरवसा ठेवला असता तर अर्धाच माणूस कळला असता," बाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं, कधी सांगितलं, सांगणाऱ्याला त्यात काय मिळतं. हे तीन प्रश्न विचारायचे. मी सांगितलं तरी विचारायचे."

मग त्यांनी वर्षाचं काम दिलं. गावातलं एकेक बंद घर प्रत्येकाने घ्यायचं आणि तिथली माणसं कुठे गेली ते शोधायचं. तीन आधार हवेत, त्यातला फोनमधला एकच चालेल. चोवीस मेला, अक्षरांच्या सणाच्या दिवशी, शाळेच्या दारात प्रदर्शन. प्रत्येक आधाराला एक कार्ड, जुन्या सूचीच्या खणातलं, पाठ कोरी असलेलं. कार्डावर आधार कुठला ते लिहायचं, तो कधीचा ते लिहायचं, आणि शेवटच्या रकान्यात आपण तो कधी पाहिला ती तारीख.

"आपण कधी पाहिला हे कशाला?" सियानाने विचारलं. ही मुलगी खिडकीपाशी बसायची, आजोबांबरोबर राहायची आणि फारसं बोलायची नाही. तिची आई स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायची आणि ऑगस्टमध्ये तीन आठवडे घरी यायची. अकरांत कुणाची नक्कल न करणारी ती एकटीच.

"कारण कागद बदलतात, फाटतात, काढून टाकतात," बाई म्हणाल्या. "आणि तुला एखादी गोष्ट कधीपासून माहीत होती याचा हिशेब तुलाच द्यावा लागतो. खोटी तारीख टाकायची नाही. रकाना कोरा राहिला तरी चालेल."

एप्रिलमध्ये राडोस्लाव कुरकुरला की त्याच्या घरातल्या माणसांचा पत्ताच लागत नाही, तेव्हा बाईंनी आपली फाईल वर्गात आणली. "न सापडणं हीसुद्धा माहितीच असते," त्या म्हणाल्या. "मी नऊ वर्षं एकाला शोधतेय. काय काय पाहिलं, कुठे नाही सापडला, सगळं लिहून ठेवलंय. लाज कसली त्यात?" आवाज शेवटी जरा घसरला, पण पोरं तेवढी शहाणी होती. कुणी हसलं नाही.

तास संपल्यावर सियाना मागे रेंगाळली. "बाई, तुम्ही कुठल्या नावाने शोधता?"

"राडुलोव. दुसऱ्या कुठल्या नावाने शोधणार?"

सियाना दप्तर उचलून गेली.

एकोणतीस एप्रिलच्या बुधवारी ती पुन्हा थांबली. हातात एक छापलेला कागद होता. तो तिने टेबलावर पालथा ठेवला.

"बाई, रागावणार नसाल तर सांगते. मी बंद घर घेतलं नाही. बोयानदादाला घेतलं."

बाईंनी चष्मा काढला.

"माझ्या आईला मागच्या वर्षी आजोबांनी पार्सल पाठवलं होतं," सियाना घाईघाईने सांगायला लागली. "ते पोस्टात पडून होतं. आई रोज जायची, ते म्हणायचे नाही आलं. ती आडनाव सांगायची ना. शेवटी कळलं, तिकडे माणसाला दोन आडनावं असतात आणि ते बघतात पहिलं. आपल्या पासपोर्टावर मधलं नाव बापाचं असतं, ते त्यांना पहिलं आडनाव वाटतं. म्हणून मी राडुलोव नाही टाकलं. कामेनोव टाकलं."

तिने कागद उलटा केला. स्पेनमधल्या कुठल्याशा गावाच्या पानावरचा फोटो होता. द्राक्षांच्या सणातली पिंपं ढकलण्याची शर्यत. दुसरा क्रमांक, बोयान कामेनोव. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, हात पिंपावर, आणि बाजूला निघालेले दोन्ही कान. कामेनचे कान. त्या कानांवरून बाईंनी नवऱ्याला पंचवीस वर्षं चिडवलं होतं.

चौतीस वर्षं माणसांची नावं वर्णानुक्रमे लावण्यात घालवलेली ती बाई. जगात कुणाची नोंद कुठल्या अक्षराखाली होते यावरच तिने पोट भरलं. आणि स्वतःच्या मुलाला नऊ वर्षं चुकीच्या खणात शोधत बसली. बाई हसायला लागल्या, हसता हसता त्यांचं नाक वाहायला लागलं. सियानाने खिशातला रुमाल पुढे केला.

"अगं, मी काय गाढव आहे," बाई म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"हा एकच आधार आहे, बाई," सियाना म्हणाली. "आणि सप्टेंबरचा आहे. साडेपाच वर्षांपूर्वीचा. अजून दोन शोधते."

"शोध हो, शोध. सावकाश शोध."

त्या संध्याकाळी बाई संगणकापुढे बसल्या. किल्ली हातात आली होती. कामेनोव हे नाव टाकायचं आणि बटण दाबायचं, एवढंच. बाई बसून राहिल्या. मग त्यांनी चहा केला. मग पुन्हा बसल्या. आतापर्यंत जे मिळत नव्हतं ते रिकामं होतं, रिकाम्याची सवय झाली होती. आता जे मिळेल ते काहीतरी असणार, आणि त्याची त्यांना भीती वाटली. पोरीने एक फोटो दिला होता, त्यात तो उभा होता, दुसरा आला होता, आजूबाजूला माणसं टाळ्या वाजवत होती. बाईंनी संगणक बंद केला. उद्या बघू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाल्या.

वर्गात एखाद्या पोराने असा जुना फोटो आणून 'हा माणूस इथे राहतो' असं लिहिलं असतं, तर बाईंनी लाल शाईने शेरा मारला असता : राहत होता. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण माणूस दुसऱ्याला शिकवतो ते स्वतःला लावत नाही, नाहीतर शिक्षकांसारखी सुखी जमात जगात नसती. बाईंनी बोयानची खोली उघडली. नऊ वर्षांचा वास बाहेर काढला. दुकानातून पिवळ्या रंगाचा डबा आणला, कारण लहानपणी त्याला पिवळी खोली हवी होती आणि कामेनने हट्टाने निळी रंगवली होती. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "का गं इस्क्रा, पाहुणे येणार का?" बाई म्हणाल्या, "पाहुणा कसला, घरचाच." संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

सहा मेला संत जॉर्जचा सण होता, शाळेला सुट्टी, घरोघर कोकराचं मटण. बुधवारचा तास त्यामुळे बुडाला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी बाई शिडीवर चढून खिडकीची चौकट रंगवत होत्या तेव्हा फाटकाशी सियाना दिसली. फाटकावर कामेनचा फोटो चिकटवलेला होता, उन्हाने फिका पडलेला. ती त्याच्याकडे बघत उभी होती.

"आत ये ना, तिथे काय उभी?" बाई शिडीवरूनच म्हणाल्या. "बरी आलीस. रंग बघ, फार भडक झाला का?"

सियाना दारापर्यंत आली. "छान आहे."

"पडदे पांढरे लावू म्हणते. तुझ्या वयाच्या मुलींना कळतं यातलं. पांढरे की हिरवे?"

"पांढरे."

बाई खाली उतरल्या, हात पुसले, आदल्या दिवशीची बानित्सा गरम केली आणि चीजचा सगळ्यात जाड थर असलेला तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला. पोरीने तो खाल्ला नाही, नुसता चिवडला. बाई बोलत होत्या. तो आला की त्याला काय काय विचारायचं नाही, याची यादीच त्यांनी केली होती. फोन का केला नाहीस हे विचारायचं नाही. लग्न केलंस का हेही नाही. फक्त भूक लागली का एवढं विचारायचं.

"बाई," सियाना म्हणाली.

"काय गं?"

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंच्या कपाळावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता, केसांतही होता, आणि त्या हसत होत्या. गावातल्या कुणीच गेल्या नऊ वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"काही नाही. आजोबा वाट बघत असतील," ती म्हणाली आणि गेली. बानित्सा तशीच राहिली. पोरीला घरचं जेवण जास्त झालं असेल, बाईंना वाटलं.

तेरा मेला, बुधवारी, पाचव्या तासाला मुलांनी आपापली कार्डं टेबलावर आणून ठेवली. राडोस्लावला त्याच्या घरातली म्हातारी सापडली होती, ती मुलीकडे राहायला गेली होती आणि त्याला ओळखून तिने चॉकलेट दिलं होतं. तीन आधार, त्यातलं चॉकलेटचं वेष्टन हा एक. बाईंनी त्याला सहापैकी सहा देऊन टाकले. वर्ग खुशीत घरी गेला. सियाना बसून राहिली.

सगळे गेल्यावर ती उठली आणि तीन कार्डं बाईंपुढे ठेवली, एकावर एक.

पहिलं कार्ड फोटोचं, ते बाईंना पाठ होतं. दुसरं त्याच गावच्या नगरपालिकेच्या सूचनेचं. सियानाच्या गोल अक्षरांत भाषांतर लिहिलेलं होतं : दफनभूमीतील भिंतीतले खालील कोनाडे पाच वर्षांच्या मुदतीने दिलेले होते. मुदत संपली आहे. नातेवाइकांनी दिलेल्या तारखेच्या आत संपर्क साधावा, अन्यथा अवशेष सामाईक खड्ड्यात हलवले जातील. खाली नावं होती, आडनावाच्या क्रमाने. क या अक्षराखाली, कामेनोव राडुलोव, बोयान.

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांनी कार्ड नीट सरळ केलं, टेबलाच्या कडेला समांतर. हात आपोआप करत होते.

"पाच वर्षांच्या मुदतीने म्हणजे," त्या म्हणाल्या.

"फेब्रुवारीत. फोटोनंतरच्या फेब्रुवारीत. तेव्हा ती साथ होती, बाई. नगरपालिकेच्या खर्चाने पुरलं होतं. त्यांना कुणी सापडलं नाही म्हणे."

कसं सापडणार? ते कामेनोवांना शोधत असतील, आणि बल्गेरियातल्या या काठावर कामेनोव नावाचं कुणी राहतच नव्हतं. इकडून आई एका नावाने हाका मारत होती, तिकडून कचेरी दुसऱ्याच नावाने, आणि मधल्या मधे तो मेला.

तिसरं कार्ड होतं : आईने केलेला फोन, दफनभूमीच्या कचेरीत, अकरा मे. त्याखाली एकच ओळ होती. कोनाडा रिकामा आहे, त्याच दिवशी सकाळी हलवलं.

बाईंनी पुन्हा दुसरं कार्ड उचललं. चौतीस वर्षांची नजर कोऱ्या रकान्यावर आपसूक जाते. सूचनेतली शेवटची तारीख लिहिलेली नव्हती. पाहिल्याची तारीखही नव्हती. या मुलीने वर्षभरात एकही रकाना कोरा सोडला नव्हता.

"मुदत कधीपर्यंतची होती, सियाना?"

"सापडली नाही."

"सूचनेत असते ती. त्यासाठीच तर सूचना असते."

मुलगी खिडकीकडे बघत होती. अंगणात कुणी तरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. "आठ मे," ती शेवटी म्हणाली.

आठ मे. पाच दिवसांपूर्वीचा शुक्रवार. त्या दिवशी पडदे शिवून झाले होते. एकोणतीस एप्रिलला संध्याकाळी संगणक समोर होता, नाव ठाऊक होतं, बटण दाबायचं राहिलं होतं. तेव्हा नऊ दिवस हातात होते. एक फोन पुरला असता, एक ओळ पुरली असती : थांबा, मी आई आहे. त्याला इथे आणता आलं असतं. कामेनशेजारी ठेवता आलं असतं. बाईंनी ते नऊ दिवस रंगाला घातले. कुणीही त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. गावाच्या पानावर महिनाभर सगळ्या जगाला दिसेल असं ते टांगलेलं होतं, आणि जगातल्या एकाच बाईने ठरवून तिकडे पाहिलं नव्हतं.

ओरडावंसं वाटलं, पण समोर पोर उभी होती.

"आणि तू कधी पाहिलंस?" त्यांनी विचारलं. विचारताक्षणी जीभ चावली, कारण उत्तर त्यांना कळलं होतं. फाटकाशी उभी राहिलेली सियाना. चिवडलेली बानित्सा.

सियाना बोलायला लागली, आणि एकदा लागल्यावर थांबली नाही. "मला सांगायचं होतं, बाई. दुसऱ्याच दिवशी मी सांगायलाच आले होते. पण तुम्ही पडदे विचारलेत. मला वाटलं, उद्या सांगू. मग शुक्रवारी वाटलं, आता सांगून काय उपयोग. मग शनिवार, रविवार. रात्री झोप येत नव्हती. सोमवारी आईला सांगितलं, ती ओरडली माझ्यावर आणि तिने लगेच फोन केला. तर त्या माणसाने सांगितलं, बाई, आज सकाळीच. मी रविवारी सांगितलं असतं तरी. एक दिवस आधी."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तेरा वर्षांची मुलगी. हिला आपण शोधायला शिकवलं. कुठे बघायचं ते शिकवलं, कसं पारखायचं ते शिकवलं. सापडल्यावर ते अंगावर कसं घ्यायचं हे नाही शिकवलं, कारण ते आपल्यालाच येत नव्हतं. आता हे ओझं ही पोरगी म्हातारी होईपर्यंत वाहणार. आपलं तर झालंच आहे, निदान हिचं उतरवावं. दुसरं काही हातात उरलंच नव्हतं.

"वेडी की काय तू," बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी ओढूनताणून सरळ ठेवला. "मला माहीत होतं हे."

सियानाने मान वर केली.

"तू फोटो दिलास ना, त्याच संध्याकाळी मी स्वतः बघितलं. कामेनोव टाकलं की लगेच येतं ते. वाचलं सगळं. मुदतही वाचली. मग विचार केला, तो तिथेच बरा. तिथे राहिला, तिथे काम केलं, राहू दे तिथल्याच माणसांत. मीच ठरवलं तसं. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. आण ते कार्ड इकडे." त्यांनी पेन उचललं आणि पाहिल्याच्या रकान्यावर टेकवलं. "इथे माझी तारीख टाकते. एकोणतीस एप्रिल."

सियाना त्यांच्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या पाण्याआडून ती नीट बघत होती, वर्षभर बघायला शिकली होती तशी. कुणी सांगितलं. कधी सांगितलं. सांगणाऱ्याला त्यात काय मिळतं.

"मग खोली कुणासाठी रंगवत होतात, बाई?"

बाईंचं पेन जागच्या जागी राहिलं. शाईचा एक ठिपका रकान्यात उतरला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, अगदी काहीही चाललं असतं, पण चौतीस वर्षांत कधी गरज लागली नव्हती म्हणून खोटं बोलायची सवयच नव्हती, आणि दुसरं खोटं पहिल्याइतकं चटकन आलं नाही.

सियानाने त्यांच्या बोटांतून पेन हळूच काढून घेतलं. कार्ड आपल्याकडे ओढलं, नाक ओढलं, आणि ठिपक्याच्या शेजारी, आपल्या गोल अक्षरांत, सहा मे असं लिहिलं.